कडेचं अरुंद दार
ओव्हनमधून बदामाचा वास सुटला की इकडे परदेशात, एडिसनमधला ऐंशीच्या दशकातला एक नोव्हेंबर आठवतो. शेजारच्या विधवा इटालियन आजी बदामाची छोटी बिस्किटं घेऊन आल्या होत्या. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंनी एक नाकाशी धरलं. "अंडं असणार. आणि आजच का आणलीत, विचार तिला." मी विचारलं, तर आजींनी पर्समधून डोंगरावरच्या आपल्या गावाचा फोटो काढला. दगडी घरं, आणि प्रत्येक मोठ्या दाराशेजारी एक अरुंद दार. ते फक्त माणूस गेल्यावर त्याला बाहेर न्यायला उघडतात, म्हणाल्या, आणि ही बिस्किटंही दरवर्षी याच दिवशी, गेलेल्यांच्या नावानेच करतात. सासूबाईंनी डबा दूर सारला. "दुसऱ्याच्या श्राद्धाचं आपल्या घरात कशाला? उतारा तर नाही ना हा?" मग आजींकडे रोखून बघत मला म्हणाल्या, "हिचा नवरा कुठल्या दारातून गेला, विचार." मी तेही विचारलं. "गराजमधून," आजी म्हणाल्या. "इथे तसं दार कुठे असतं?" सासूबाईंनी एक बिस्किट उचललं आणि घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवलं. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनाही गराजमधूनच नेलं. यंदा बिस्किटं मी केलीत, अंडं घालून, आणि पहिलं कठड्यावर ठेवलंय.