एका कडीतल्या दोन किल्ल्या

आमच्या लाँड्रीत तिला सगळे 'घडी' म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं, आणि तेव्हाही दोनदा हाक मारावी लागायची. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, दवाखान्यांचे हिरवे डगले, सगळा माल आमच्याकडे धुवायला येतो. बाकीच्या बायका चादरीची घडी घालतात ती घालायची म्हणून. हिची घडी अशी, की चारही कोपरे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटावेत. म्हणून हे नाव. मला सगळे काकू म्हणतात. मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

घडी नाकासमोर चालणारी बाई. इतकी, की पुढे भिंत आली तर भिंतीलाच 'सरकता का जरा' म्हणेल. कोठाराची किल्ली तिच्याकडे होती ती याच गुणामुळे. कोठार म्हणजे धुतलेला माल ठेवायची खोली. तिथून एक टॉवेल कधी कमी झाला नाही. मॅनेजर आमचा बारा गावचं पाणी प्यालेला, पण या बाबतीत तोही तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे प्रत्येकीला एक छोटं कपाट असतं, अप्रन, चप्पल आणि डबा ठेवायला. नोकरी सोडणारी बाई राजीनामा-बिजीनामा काही लिहीत नाही. ती मॅनेजरच्या टेबलावर आपल्या कपाटाची किल्ली ठेवते. तो ती ड्रॉवरमध्ये सरकवतो आणि झालं. आम्ही म्हणतो, अमकीने किल्ली ठेवली. धुण्याच्या ड्रमवरची म्हातारी वारली, तेव्हाही आम्ही हेच म्हणालो होतो. लिहिणं-वाचणं बेताचं असलेल्या बायकांनी काढलेली सोय होती ती. पुढे मालकाला ती फारच सोयीची वाटायला लागली.

घडीच्या नवऱ्याचं सोफ्यांना गाद्या-कापड लावायचं दुकान होतं. माणूस वाईट नाही, पण धंद्यात कच्चा. मोठ्या हॉटेलचं काम मिळालं म्हणून कर्ज काढलं, हॉटेलवाल्याने हात वर केले, आणि कर्ज गळ्याशी आलं. त्या कर्जाला जामीन कोण? घडी. बायको आहे, सही कर म्हणाला, हिने केली. वसुलीची माणसं रोज दारात. सासूबाई मागच्या खोलीत जाऊन कडी लावून बसायच्या. शेवटी कुणीतरी सुचवलं तसं दोघांनी नादारीचा अर्ज केला. म्हणजे आमच्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही असं कोर्टात कबूल करायचं. दुकान गेलं, मशीन गेली, गाडी गेली. आणि त्यातच हिला आठवा महिना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसं.

तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज हो. चोरी केली असती तरी माणूस इतकं तोंड लपवत नाही. पण तिचा एक दीर आहे, मोठा जाणता. कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसून जेवढा कायदा कळतो, तेवढा सगळा त्याला येतो. तो म्हणाला, वहिनी, नादार माणसाच्या हाती दुसऱ्याचा माल ठेवत नाहीत, उद्या कळलं तर अफरातफरीचा आळ येईल. वर असंही म्हणाला, की बाळंतपणाचा पगार विसरा, तो आला तरी घेणेकरीच उचलणार. पहिलं ऐकून हिची झोप उडाली. दुसरं ऐकून ती रडलीसुद्धा नाही म्हणे, नुसती बसून राहिली. कारण घरात येणारा तेवढाच एक पैसा उरला होता. नवऱ्याला काम नव्हतं. बाळ आल्यावर त्या पगारावर घर चालणार, एवढाच हिशेब तिने धरला होता.

तर घडीने काय केलं, तर जे फक्त घडीच करू शकते ते. कुणी विचारायच्या आत, आपणहून, कोठाराची किल्ली परत करायला गेली.

मी तेव्हा त्याच खोलीत होते. वाफेचा पाइप गळत होता, माझा हात भाजला होता, म्हणून मॅनेजरला चार शब्द सुनवायला गेले होते. ही आली, दार धरून उभी राहिली. मशीनच्या आवाजात तिचं बोलणं नीट ऐकूही येईना. म्हणाली, साहेब, माझं नादारीचं चाललंय, माल माझ्या ताब्यात नको, कोठाराची किल्ली घ्या. आणि कडीतून किल्ली काढायला लागली. एकाच लोखंडी कडीत दोन्ही किल्ल्या, एक कोठाराची, एक तिच्या कपाटाची. पण हात आठव्या महिन्याचे, बोटं सुजून लाटण्यासारखी झालेली. कडी उघडेना. नख मोडलं, तरी ती ओढतेच आहे. मॅनेजर बघत होता. मग म्हणाला, "राहू दे बाई, आहे तशीच ठेवा."

तिने ठेवली. त्याने ती ड्रॉवरमध्ये सरकवली. ती 'उपकार झाले साहेब' म्हणून गेली. माझ्या डोक्यात पाइपच होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामाला आली तर वॉचमनने फाटकातच थांबवलं. हातात पिशवी दिली. पिशवीत तिची चप्पल, डबा आणि घरचा नॅपकिन. तिच्या नंबरचं अप्रन घालून एक नवी पोरगी आत घड्या घालत होती. मॅनेजर बाहेरसुद्धा आला नाही. निरोप पाठवला, की काल किल्ली ठेवलीत, आता कसलं काम आणि कसली बाळंतपणाची रजा.

मी जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी गेले तर ही अजून तिथेच. कठड्यावर बसलेली, पिशवी मांडीवर, एक हात पोटावर. मी विचारलं तर सगळं सांगितलं. आणि वर म्हणते कशी, काकू, चूक माझीच, कडी उघडायला हवी होती. इतका राग आला मला! मॅनेजरचा आला, दिराचा आला, आणि खोटं कशाला बोलू, तिचाही आला. जगात इतकंही गरीब असू नये.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच त्यांच्या वकीलबाईंकडे नेलं, नादारीचा अर्ज ज्यांनी केला होता त्यांच्याकडे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, नादारीने नोकरी जात नाही. बाळंतपणाचा पगारही जात नाही. घर चालवायला लागतो तेवढा पैसा घेणेकऱ्यांना हात लावायला मिळत नाही. तुम्ही काहीच केलं नसतंत, तर सगळं तुमचंच होतं."

काहीच केलं नसतंत तर. हे वाक्य घडीला जे लागलं ते लागलं. वाटेत एकदा उलटी झाली, मी पाठ चोळली. मालक कोठाराचं काम काढून दुसरीला देऊ शकला असता, पण घड्या घालायचं काम तसंच राहिलं असतं आणि रजाही. आता मात्र तिने स्वतःहून नोकरी सोडली, असं मालक म्हणणार होता. आणि स्वतःहून सोडणारीला बाळंतपणाचा पगार कोण देतं?

कामगार कचेरीत तक्रार केली. तारीख मिळाली, मग पुढची मिळाली, मग अधिकारी रजेवर. बाळाला असल्या तारखा कळत नाहीत. ते आपल्या वेळेच्याही आधीच आलं. मुलगी. एवढीशी, पण ओरडायला खणखणीत. मी म्हटलं, चला, ही तरी आईवर गेली नाही. घडी हसली. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच हसलेलं मला आठवतं.

पोर महिन्याचीसुद्धा नव्हती तेव्हा घडी इस्त्रीच्या दुकानात उभी राहिली. दुकानदार तिच्या आळीतलाच, हातात दिवसाचे पैसे ठेवायचा. सकाळी अंधारात जायची, दिवेलागणीला यायची. पोर जावेजवळ. जाऊ मायेची, तिचं स्वतःचं पोर अंगावर पीत होतं, हिच्या पोरीलाही घ्यायची. दुकानात घडीचा ब्लाउज ओला व्हायचा, मग टॉवेल कोंबून इस्त्री फिरवायची. पुढे पुढे तेही थांबलं. दूध आटलं. मी एकदा गेले होते तेव्हा तिने हे सांगितलं, ते असं, जसं नळाला पाणी नाही म्हणून सांगावं.

इकडे मॅनेजर माझ्याशी गोड बोलायला लागला. काकू, तुमची नोकरी आता थोडीच राहिली, सुखाने घरी जा, कशाला लोकांच्या भानगडीत पडता. मी घाबरले होते, कबूल करते. माझ्या घरीही कुणी सोन्याच्या खाणी सोडून गेलेलं नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण त्या खोलीत तिसरं माणूस मीच होते. मी नाही बोलले तर कोण बोलणार होतं, तो गळका पाइप?

अखेर तारीख लागली. अधिकारी बाई होत्या, तरुण, सर्दी झालेल्या, सारख्या नाक पुसणाऱ्या. मॅनेजरने छान इस्त्रीचा शर्ट घातला होता, आमच्याच मशीनवरचा. तो म्हणाला, आमच्याकडे अनेक वर्षांची पद्धत आहे, किल्ली टेबलावर ठेवली म्हणजे नोकरी सोडली, विचारा या काकूंना. अधिकारी बाईंनी मला विचारलं. आता काय सांगणार? पद्धत खरीच आहे. मी हो म्हटलं. घडीने खाली मान घातली. मला वाटलं, बुडवली मी हिला.

मग मी जमेल तसं सांगायला लागले. की ती कोठाराची किल्ली द्यायला आली होती, की बोटं सुजली होती, की कडी उघडेना, की यांनीच सांगितलं आहे तशीच ठेवा. बाईंना कडीचं काही नीट कळेना. म्हणून मी माझ्या कमरेची किल्लीची कडी काढली, माझीही तसलीच, आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, बघा तुम्हीच, उघडते का बोटांनी.

यात माझी काही अक्कल नव्हती. तेवढी अक्कल असती तर मी जन्मभर वाफ कशाला खाल्ली असती? पण किल्ली टेबलावर पडल्याचा आवाज झाला आणि मॅनेजरचा हात आपोआप पुढे आला. इतक्या वर्षांची सवय. त्याने कडी उचलली, आणि माझ्यावरचा साठलेला सगळा राग त्याच्या तोंडी आला.

"ठेवलीत ना? झालं तर मग. उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

अधिकारी बाईंनी रुमाल खाली ठेवला. म्हणाल्या, "या बाई मला कडी दाखवत होत्या. तुमच्यासमोर. आणि तुम्ही त्यांनाही काढलंत?" त्याने कडी चटका बसल्यासारखी खाली ठेवली. बाई लिहायला लागल्या, बराच वेळ लिहीत राहिल्या.

निकाल आणखी काही आठवड्यांनी आला. घडीने नोकरी सोडलेली नव्हती. कामावर परत घ्यावं, बाळंतपणाच्या रजेचा पूर्ण पगार द्यावा. मला मॅनेजरने ड्रमपाशी टाकलं, जिथे उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडतात. पडू दे. निकालाचं कळताच मी कामावरून थेट तिच्या घरी गेले. उड्या मारायच्या तेवढ्या वाटेत मारून घेतल्या.

ती नुकतीच इस्त्रीच्या दुकानातून आली होती. नवऱ्याने निकाल वाचून दाखवला, मग त्याला पुढे वाचवेना. सासूबाई बाहेर आल्या, बऱ्याच दिवसांनी मागची खोली सोडून. घडीने सगळं ऐकलं आणि विचारलं, रजा कधीपासून कधीपर्यंत धरली आहे? नवऱ्याने सांगितलं. ती रजा आदल्या आठवड्यातच संपली होती.

मी म्हटलं, अगं वेडे, पगार मिळतोय ना पूर्ण. ती हो म्हणाली. हात धुतले, पदराला पुसले आणि जावेच्या कडेवरून पोरीला घेतलं. पोर क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ओठ काढले आणि जावेकडे हात पसरून असा टाहो फोडला, की शेजारची बाई बघायला आली. घडीने थोपटलं, झुलवलं, गुणगुणली. पोर थांबेना. जावेने नाइलाजाने घेतलं, आणि ती तत्काळ गप्प झाली. तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसली.

जावेचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, अगं, झोप आलीय तिला, म्हणून. घडी म्हणाली, "असू दे गं." मग माझ्याकडे वळली. "काकू, पगाराचे दिवस त्यांनी भरून दिले. ते दिवस मात्र मी कुणाकडे मागू?"

माझं तोंड मोठं आहे, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र चहा न घेताच निघाले.

ती आता परत घड्या घालते. चारही कोपरे तसेच, सख्ख्या भावांसारखे. कोठाराची किल्ली मॅनेजरने स्वतःहून तिला देऊ केली, दुसरं कुणी विश्वासाचं मिळालं नाही म्हणून. तिने ती वेगळ्या कडीत घातली. कपाटाची किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घालते, आणि ती काढून कुणाच्याही टेबलावर ठेवत नाही.