लॅमिनेट केलेलं पत्र

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी आमच्याकडे दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आलं आणि बाबा काळा चहा प्यायला लागले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "दुधाने मला अ‍ॅसिडिटी होते." आधीची वीस वर्षं झाली नव्हती.

आम्ही फरीदाबादला, एका घराच्या पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा कारखान्यात लेथवर कामाला. ऑपरेशनसाठी त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून दीड लाखाचं कर्ज घेतलं. तो फॉर्म मी भरला. मी बारावीत होते आणि घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. आई-बाबा दोघंही आठवीच्या पुढे गेले नव्हते. त्यामुळे माझ्या इंग्रजीचा घरात भलताच दबदबा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो आवडायचा.

फॉर्मवर एका ठिकाणी घराबाहेरच्या दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि फोन नंबर मागितले होते. गावाकडे असतो तर अख्खी आळी लिहिली असती. इथे कोण होतं आमचं? एक मकानमालक. दुसरे, आमच्या महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार काका. त्यांचा नंबर गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर छापलेला होता. पावती ड्रॉवरमध्ये होती, मी तिच्यावरून उतरवून घेतला. काकांना विचारायला हवं, हे ना मला सुचलं ना बाबांना. आम्हाला वाटलं, आपला माणूस म्हणून नाव दिलं, यात त्यांचा मानच आहे.

पुढच्या वर्षी कारखान्याचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं आणि हप्ते थकले. आधी फोन बाबांना यायचे. बाबांनी उचलणं बंद केल्यावर त्या दोन नंबरांवर जायला लागले. मकानमालक हरियाणवी, रोखठोक. त्यांनी वसुलीवाल्याला एकदाच सुनावलं, "मेरा किराया टाइम पे आता है. बाकी तू जाने, वो जाने." त्यांना पुन्हा फोन आला नाही.

खजिनदार काकांना मात्र येत राहिले. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर बाबा प्रसाद वाटत होते. काकांनी मोदक घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "काय हो, तुमचे वसुलीवाले मला फोन करतात! मला सेक्रेटरी नेमलंय का? मग पगाराचं बघा काहीतरी!"

लोक हसले. बाबाही हसले. ताटातले मोदक संपेपर्यंत वाटले, नळावर हात धुतले आणि आम्हाला म्हणाले, "चला." त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. आई हळदीकुंकवाला जायची, तेव्हा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायचे आणि तिथूनच परत फिरायचे.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना कंपनीकडून निरोप आला. शहाण्णव हजार बाकी आहेत, एकरकमी चोपन्न हजार भरा, विषय संपवू. बाबांनी स्कूटर विकली, आईने भिशी उचलली. पैसे भरले आणि आठ दिवसांनी पत्र आलं. बाबांनी ते माझ्या हातात दिलं आणि समोर उभे राहिले. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या.

"बाबा, संपलं. फुल अँड फायनल लिहिलंय."

"नक्की?"

"बाबा, मी कॉलेजात शिकते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते पत्र लॅमिनेट करून आणलं आणि देवाच्या फळीवर तसबिरीमागे ठेवलं. कामावर सायकलने जायला लागले. संध्याकाळी चहात दूध घातलं.

पुढे मी पदवीधर झाले. आमच्या दोन्ही घरांत, आईकडच्या आणि बाबांकडच्या, मी पहिली. परीक्षा देऊन दिल्लीत केंद्र सरकारच्या एका ऑफिसात कारकून म्हणून लागले. हे मी अभिमानाने सांगते, कारण तो मला आहे. नोकरीला वर्ष झालं आणि मकानमालकांनी आमचं वरचं घर विकायला काढलं.

"बिटिया, पहला हक तुम्हारा है," ते मला म्हणाले. "पर दो महीने. लड़के को धंधे में पैसा चाहिए."

त्याच दोन खोल्या, तोच आईने अंगणात लावलेला कढीपत्ता. बाबांच्या आणि माझ्या नावावर मिळून कर्ज काढायचं ठरलं. कारखाना पुन्हा नीट चालू होता. बाबांनी पीएफमधून पैसे काढायचा अर्जही केला. बँकेत मी एकटी गेले, ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून.

बँकेतल्या साहेबांनी आमचे क्रेडिट रिपोर्ट उघडले. माझा पाहून मान डोलावली. बाबांचा पाहताना थांबले. "पापा का एक पुराना खाता है. सेटल्ड. बयालीस हजार छोड़े गए हैं."

"सर, वो तो पूरा हो गया था. चिट्ठी है."

आणि मी पिशवीतून ते लॅमिनेट केलेलं पत्र काढलं. तयारीनेच गेले होते. साहेबांनी ते स्वतःकडे वळवलं, वाचलं, परत माझ्याकडे वळवलं आणि पेनच्या टोकाने पाचवी ओळ दाखवली. उरलेली रक्कम कंपनीने सोडून दिली आहे, आणि क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या संस्थांना तसंच कळवलं जाईल, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. साडेपाच वर्षं ती ओळ आमच्या देवाच्या फळीवर होती.

"ये कब तक दिखेगा, सर?"

"मोटा-मोटी सात साल. डेढ़ साल और समझिए. तब तक पापा के नाम पर लोन मुश्किल है." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "पापा का नाम हटा दीजिए ना. आपका रिकॉर्ड बिल्कुल साफ है. लोन के साल बढ़ा देंगे, आपके अकेले के नाम पर हो जाएगा."

मी पत्र पिशवीत ठेवलं. सोपा रस्ता समोर होता. घर मिळत होतं, फक्त कागदावर बाबा नसणार होते.

घरी आले तेव्हा बाबा पालक निवडत होते. मी सगळं सांगितलं. पाचवी ओळ मराठीत वाचून दाखवली. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे बेचाळीस हजार मी बुडवले?"

"बुडवले नाहीत. त्यांनी सोडले."

"त्यांनी सोडले म्हणजे माझ्याकडून बुडालेच की. तू म्हणाली होतीस, संपलं."

मी म्हटलं, "मी पुढचं वाचलं नव्हतं, बाबा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कारखान्यात एक जण म्हणायचा, तीन वर्षांनी कर्ज मरतं."

"ते कोर्टापुरतं. तीन वर्षांनी ते कोर्टात जाऊ शकत नाहीत. रिपोर्ट वेगळा, तिथे सात वर्षं राहतं."

"अच्छा." पालक पुन्हा हातात घेतला. "मग माझं नाव काढ. शेवटी घर तुझंच आहे."

आई आतून म्हणाली, "एकोणीस वर्षं भाडं कुणी भरलं या घराचं? आणि कागदावर नाव नको?"

"आई बरोबर बोलतेय," मी म्हटलं. "मी नाव काढणार नाही."

"आणि घर गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

हे बोलणं सोपं होतं. तिसऱ्या दिवशी डबा भरताना बाबा म्हणाले, "ते बेचाळीस भरून टाकू. दीड वर्षाने आपोआप जाईल म्हणतेस, पण मला तसं नको."

फायनान्स कंपनीची फरीदाबादची शाखा कधीच बंद झाली होती. आम्ही नेहरू प्लेसच्या ऑफिसात गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला.

"अंकल, इसमें तो लेना ही कुछ नहीं है. ज़ीरो दिखा रहा है."

"बयालीस हजार बाकी है," बाबा म्हणाले.

"वो तो कंपनी ने छोड़ दिया."

"मैंने नहीं छोड़ा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून साहेबांना हाक मारली, "सर, एक अंकल हैं, इन्हें पैसे भरने हैं!" साहेब आले, ऐकून घेतलं, हसले. "लोग यहाँ माफ करवाने आते हैं, अंकल. आप उल्टा आए हो." पण माणूस चांगला होता. अर्ज कसा लिहायचा ते त्यांनी सांगितलं. पैसे भरून घेण्याची परवानगी वरून यायला तीन आठवडे लागले. भरल्यावर ‘काहीही येणं नाही’ असं पत्र यायला अजून दोन. ते पत्र मी काउंटरवर उभी राहून पहिल्या अक्षरापासून शिक्क्यापर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. बाबा शेजारी उभे होते. घाई कर म्हणाले नाहीत.

रिपोर्ट बदलायला आणखी दीड महिना गेला. तोवर मकानमालकांचे दोन महिने संपले होते. त्यांनी वर पंधरा दिवस थांबून पाहिलं, मग त्यांच्या मुलाने गिऱ्हाईक आणलं. मकानमालक स्वतः जिना चढून सांगायला आले. "बुरा मत मानना, भाई." बाबा म्हणाले, "आपने तो रुक के देखा." आम्ही मागच्या गल्लीत भाड्याने गेलो. आईने कढीपत्ता उपटून डब्यात लावला, पण तो जगला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, घराहूनही जास्त.

त्या गणपतीत बाबा म्हणाले, "चल, मंडळात जाऊन येऊ." खजिनदार काका तेच होते, जरा थकलेले. बाबांनी वर्गणी दिली, पावती घेतली आणि म्हणाले, "काका, पूर्वी माझ्यामुळे तुम्हाला वसुलीचे फोन यायचे. ते सगळं भरलं. तुम्हाला त्रास झाला, सांगायचं राहून गेलं होतं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठले फोन हो?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. "आणि तुम्ही होतात कुठे इतकी वर्षं? प्रसादाला माणूस मिळत नाही यार, चला, ताट घ्या."

बाबांनी ताट घेतलं. मी मात्र बाहेर चपलांपाशी बराच वेळ उभी राहिले. काकांचा नंबर त्या फॉर्मवर मीच उतरवला होता.

बाबांच्या रिपोर्टमध्ये आता त्या खात्यापुढे ‘बंद, बाकी शून्य’ असं आहे. उशीर झालेल्या महिन्यांच्या खुणा दिसतात अजून. पैसे भरून त्या जात नाहीत, त्यांची मुदत संपली की जातील. बँकेतल्या त्याच साहेबांनी या वेळी दोघांच्या नावाची फाइल मंजूर केली. नवं घर आधीच्यापेक्षा लहान आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि पाणी सकाळीच येतं. गेल्या महिन्यात रजिस्ट्री झाली. सही करण्याआधी मी सगळे कागद पूर्ण वाचले. पहिलं नाव बाबांचं आहे, दुसरं माझं.