सिंधुताईंच्या भिंतीवरची ओल

उमाकांतनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. हे कोणी त्याला हिणवून म्हटलेलं नाही. ते त्याचं कामच होतं. भिलाईच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तो ट्रेसर होता. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर ताणून बसवायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि खालची रेघ शाईनं वर आणायची. चुकली तर कागद फाटू न देता ब्लेडनं हलकेच खरवडायची. भट्ट्यांचे, क्रेनचे, पाण्याच्या पाइपांचे असे किती नकाशे त्याच्या हाताखालून गेले, पण त्यातली एकही रेघ त्याची नव्हती. पुढं कॉम्प्युटर आले. ट्रेसर लोकांना फायली सांभाळायला बसवलं, आणि त्या फायलींमधूनच तो रिटायर झाला. सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर सोडून तो आणि बायको कमला कोहका वस्तीतल्या स्वतःच्या घरात राहायला आले.

मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मात्र दरवर्षी उमाकांतकडे असे. पणती, तुळशीवृंदावन, नऊवारीतली बाई. तेही कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरवरून गिरवलेलंच. लोक छान म्हणत, अंक चाळत आणि गाद्यांखाली ठेवून देत.

यंदा श्रावणात त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप वाजे, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, हेही सांगून टाकलं. त्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. तिथं सगळ्यांदेखत उमाकांत बोलून गेला की यंदाचं मुखपृष्ठ तो कशावरून गिरवणार नाही, स्वतःचं काढणार. हाताबद्दल त्यानं कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी हा हात रेघ ओढू शकेल की नाही, कोणाला ठाऊक.

सचिव शामसुंदर चष्म्यावरून बघत म्हणाला, "काढ बाबा. फक्त दिवाळीच्या आत दे. होळीले नको देऊ."

घरी येऊन तो पांढऱ्या कागदासमोर बसला. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. ज्या माणसाला सतत खाली एक रेघ दिसायची सवय, त्याला कागदाखाली नुसतं टेबल दिसत होतं. मुलगी मिताली हैदराबादहून आली होती तेव्हा तिचा जुना कॅमेरा ठेवून गेली होती. घरात बसून कमलाचा जीव खाण्यापेक्षा बरं म्हणून तो कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडू लागला.

उन्हात त्याला काही दिसत नसे. ऊन पडलं की कोहका म्हणजे निळे पत्रे, दुकानांचे फलक आणि डोळ्यांत खुपणारी धूळ. पण गणपती उठल्यावर आभाळ भरून आलं आणि भरलेलंच राहिलं. पाऊस तसा नाही, नुसता राखेच्या रंगाचा उजेड. सावली कशालाच नाही. त्या उजेडात वस्तू जवळ आल्यासारख्या वाटायच्या. गेटवर वाळत टाकलेलं पोतं. नालीवरच्या फरशीची भेग. पावर हाउस म्हणतात त्या भागातल्या बाजारात प्लास्टिकच्या आडोशाला रचलेले सीताफळांचे ढीग आणि त्यांच्यामागे गुडघ्यांत डोकं घालून बसलेली बाई. तो फोटो काढत सुटला. कॅमेरा दोन्ही हातांनी धरून छातीशी टेकवला की हात कापत नसे, हेही त्याला कळलं.

कमला म्हणायची, "आजही भिंतीच पाहून आले का? लोक म्हणतीन, यांचं डोकं फिरलं."

अशाच एका सकाळी, तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत, त्याला ती भिंत दिसली. जुन्या एकमजली घराची बाजूची भिंत. छतापासून खाली ओल उतरली होती; कुठं शेवाळाचा हिरवा रंग, कुठं काळा, आणि कडेकडेनं लोणा फुटून पांढरं झालेलं. त्या ओलीत माणसं होती. पाठमोरी, एकामागे एक, डोक्यावर ओझं घेतलेली, कुठंतरी निघालेली. उमाकांत थांबला. खूप वर्षांनी त्याला कशाखाली तरी रेघ दिसत होती, आणि ती कोणा इंजिनियरनं काढलेली नव्हती.

तो तिसरा-चौथा फोटो काढत होता तेव्हा घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिनं आधी त्याला नीट न्याहाळलं.

"कावून फोटो काढून राहिले जी? टॅक्स वाढवता का घराचा?"

तिचं मराठी ऐकून उमाकांतला हायसं वाटलं. आपण मंडळाचे, चित्र काढतो, असं त्यानं सांगितलं. मराठी माणूस म्हटल्यावर ती निवळली. या सिंधुताई. तुमसरकडच्या. नवऱ्याचं पावर हाउसला सायकलीचं दुकान होतं. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. हे छत त्यानं स्वतः उभं राहून टाकून घेतलं होतं. भिंतीत एवढं पाहण्यासारखं काय आहे ते काही त्यांना कळेना, म्हणून त्या उमाकांतला आत घेऊन गेल्या.

आत त्याच भिंतीखाली बादली होती, बादलीशेजारी परात. पलंग ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलेला. पोपडे सुटून छताचं सिमेंट उघडं पडलं होतं.

"तुमी बाहेरून पाहता भाऊ, मी आतून पाहतो," सिंधुताई म्हणाल्या. "डाग एकच आहे."

त्यांचा मुलगा प्रशांत रायपूरला होता. छत गळतं म्हणून तो त्यांना फ्लॅटवर न्यायला टपला होता, आणि त्यांना जायचं नव्हतं. तिथं सहाव्या मजल्यावर दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. छत दुरुस्त झालं की त्याचं तोंड बंद होईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण डांबर घालणारा माणूस मिळत नव्हता. बाई एकटी पाहून सगळे आज येतो, उद्या येतो करत होते.

उमाकांतच्या ओळखीत गैंदलाल होता. त्याच्या स्वतःच्या छतावरचं डांबराचं टारफेल्टिंग गैंदलालनंच केलं होतं. उमाकांतनं तिथूनच त्याला फोन लावला. गैंदलाल म्हणाला की छत कोरडं ठणठणीत पाहिजे. लागोपाठ दोन-तीन दिवस ऊन मिळालं की आपण चढतो, ओल्यावर डांबर धरत नाही. ऊन पडताच त्यानं उमाकांतलाच फोन करायचा, असं ठरलं. सिंधुताईंनी चहा केला. चांगला माणूस देवानं पाठवला, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पावर हाउसच्या एका दुकानातून उमाकांतनं त्या फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढून आणल्या. टेबलाला प्रिंट चिकटवली, वर ट्रेसिंग पेपर ताणला, मनगटाखाली उशीचा अभ्रा घडी करून घेतला, आणि शाईचा पेन टेकवला. हात रेघेवरून चालला. पहिल्या माणसाचा खांदा आला, डोक्यावरचं गाठोडं आलं. तो जेवायचं विसरला. कमलानं दारातून पाहिलं आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.

पुढचे काही दिवस तो रोज भिंतीकडे जाई. ओल रोज थोडी खाली सरकत होती आणि माणसं पूर्ण होत होती. शेवटच्या दोघांना अजून पाय नव्हते. त्यांच्या कमरेखाली भिंत कोरी होती. आणखी एखादी सर, आणखी दोन ढगाळ दिवस, एवढंच हवं होतं.

आणि ऊन पडलं. रात्रीतून आभाळ धुऊन निघालं, सकाळी सगळीकडे लख्ख. उमाकांत घाईनं गल्लीत गेला. भिंत वाळत होती. माणसं विरून नुसती घाण उरली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी गैंदलालचा फोन आला.

"काका, धूप खुल गई है. छत सूख गई होगी. कल चढ़ जाऊँ?"

उमाकांतच्या समोर कागद होता. कमरेपाशी थांबलेली दोन माणसं. छतावर डांबर पडलं की ही ओल कायमची मेली. पुढं ती उतरणार नाही, पाय येणार नाहीत.

"दो-चार दिन रुक जाओ, गैंदलाल," तो म्हणाला. "अभी ताईजी की तैयारी नहीं है."

त्यानं फोन ठेवला तेव्हा कमला मागे उभी होती.

"कोणाची तयारी नाही?" तिनं विचारलं. "तिची का तुमची?"

ती भाजी चिरायला निघून गेली.

ऊन आठवडाभर टिकलं. रोज सकाळी उमाकांत ठरवी की आज गैंदलालला बोलवायचं, आणि रोज कागदाकडे पाहून दुपार होई. मनगटाची थरथर आता खांद्यापर्यंत जाणवायला लागली होती. शेवटी एकदा त्यानं फोन केला. गैंदलाल भिलाई-३ला होता. दुसऱ्या कोणाचं छत खरवडून उघडं केलं होतं, ते टाकून येता येत नव्हतं. तेव्हाच हो म्हटलं असतं काका, तर आतापर्यंत झालं असतं, असं तो हिंदीत सहज म्हणून गेला. सिंधुताईंच्या घरावरून उमाकांत मान खाली घालून जाई. दिसल्याच तर त्या विचारत, आणि तो म्हणे, येतो, येतो आहे. आता आज येतो, उद्या येतो म्हणणाऱ्यांत तोही होता.

मग समुद्राकडून वादळ सरकलं आणि दोन दिवस, दोन रात्री पाऊस झाला. तिसऱ्या सकाळी पाऊस थांबला, पण आभाळ खाली आलेलंच होतं. उमाकांत छत्री आणि कॅमेरा घेऊन निघाला.

भिंत पूर्ण भरली होती. सगळ्यांना पाय आले होते. शेवटचा माणूस किंचित मागे वळल्यासारखा झाला होता. असं आपल्याला कधी सुचलं नसतं, हे उमाकांतला कळत होतं, आणि तरी ते आपलंच आहे असंही वाटत होतं. त्यानं कॅमेरा छातीशी टेकवला.

तेवढ्यात त्याला दारासमोरची पांढरी गाडी दिसली. डिकी उघडी होती. एक चाळिशीतला माणूस ट्रंक आणून ठेवत होता. हाच प्रशांत असणार. रात्री छताचा मोठा पोपडा पडला होता, भांड्यांच्या मांडणीवर. सिंधुताई पलंगावर होत्या म्हणून वाचल्या. प्रशांत पहाटेच येऊन पोचला होता आणि आता काही ऐकायला तयार नव्हता. घर बंद करायचं, पुढं गिऱ्हाईक पाहायचं, असं त्यानं दारातच उमाकांतला सांगितलं, कोण काय याची चौकशीही न करता.

सिंधुताई बाहेर आल्या. नवी साडी, हातात देवांचा डबा.

"तुमी लय धडपड केली भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्याच नशिबात ऊन नव्हतं."

उमाकांतनं सांगायचं ठरवलं. तोंडही उघडलं. मग म्हणाला, "गैंदलाल भिलाई-३ले अडकला होता." हे खोटं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. मग त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या की इतके दिवस तुम्ही फोटो काढता, त्यातला घराचा एक मला द्या, भिंतीला लावीन तिथं. उमाकांत बटणं दाबत मागे मागे गेला. ओल, ओल, लोणा, शेवाळ, पुन्हा ओल. दार नव्हतं. खिडकी नव्हती. दारातली तुळस नव्हती, आणि सिंधुताई तर कुठंच नव्हत्या.

"घर कुठं आहे यात?" सिंधुताईंनी डोळे बारीक करून विचारलं.

"आता काढतो," तो म्हणाला.

त्या दारासमोर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, डबा पोटाशी धरला. प्रशांतनं हॉर्न वाजवला. उमाकांत नालीपलीकडे मागे सरकला; घर मावायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या काचेत त्यानं दार धरलं, सिंधुताईंना धरलं, आणि कोपऱ्यात भिंत आली. तो थोडा उजवीकडे झाला. अजून थोडा. मागे वळलेला शेवटचा माणूस चौकटीत आला, तेव्हा त्यानं बटण दाबलं. डाव्या कडेला सिंधुताईंचा अर्धा खांदा आणि डब्याचा कोपरा राहिला.

"आला का चांगला?"

"आला."

"मंग पाठवा प्रशांतच्या मोबाइलवर."

तो हो म्हणाला. गाडी चिखल उडवत वळणापर्यंत गेली, तिथं बैलांसाठी थांबली, मग दिसेनाशी झाली. उमाकांत उभा होता. पश्चिमेकडे आभाळ फाटायला लागलं होतं. घटकाभरात ऊन येणार होतं. त्याच्या आत अजून दोन-तीन फोटो मिळाले असते. त्यानं छत्री नालीवरच्या फरशीवर ठेवली आणि भिंतीच्या जवळ गेला.