हायड्रासमोर ओरडलेला एक शब्द

मल्लेशचा गेटपास दुपारच्या आत रद्द करा, असं प्लँट मॅनेजरनी मला सांगितलं तेव्हा रावसाहेब अजून दवाखान्यात टाके घालून घेत होते. चौकशी व्हायची होती. निकाल लागला होता.

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात होऊ नये हे पाहणं आणि झाला तर तो का झाला हे लिहिणं, ही माझी कामं. पहिल्यात कुणाला फारसा रस नसतो.

त्या सकाळी नव्या मशीनचा गिअरबॉक्स यार्डातून शेडमध्ये न्यायचा होता. त्यासाठी हायड्रा लावली होती. हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन. वजन पुढे लटकवून ती चालत जाते. लटकलेलं वजन हेलकावे खातं, म्हणून एक माणूस त्याला बांधलेला दोर धरून पुढे चालतो. त्याला रिगर म्हणतात. ऑपरेटरला वजनाच्या आडून समोरचं धड दिसत नाही. रिगर सांगेल तेवढंच त्याला कळतं.

रिगर होते रावसाहेब, पारनेरकडचे, या कामात मुरलेले. ऑपरेटर मल्लेश, तेलंगणातला, भाड्याच्या हायड्राबरोबर नुकताच आलेला. शेडच्या दाराशी रावसाहेब थांबायला ओरडले. हायड्रा थांबली नाही. गिअरबॉक्स लोखंडी खांबावर जाऊन टेकला आणि मध्ये रावसाहेबांचा तळहात सापडला. त्यांनी तो ओढून घेतला म्हणून फक्त फाटला.

रावसाहेब ओरडले हे शेडमधल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. हायड्रा पुढे आली हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. मल्लेश मोबाईल बघत होता, असं कुणी म्हणालं. रात्रीची उतरली नव्हती, असंही कुणी म्हणालं. ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ एवढं लिहिलं की काम संपणार होतं. तो शिक्का बसलेल्या ऑपरेटरला इथल्या दुसऱ्या कुठल्याही गेटवर आत घेत नाहीत.

मी मल्लेशला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या तोंडाला वास नव्हता. मोबाईल सकाळपासून गेटवर जमा होता. आमच्याकडे तसा नियम आहे. त्याचं एकच म्हणणं होतं.

“वो बुलाया सर, मैं आया.”

तेवढ्यात रावसाहेब पट्टी बांधलेला हात छातीशी धरून आले. हे ऐकून ते दारातच भडकले.

“लोड माझ्या अंगावर चाललेला, आन मी त्याला ये म्हनंन व्हय? सायेब, ह्याला इचारा, मी काय येडा हाय का?”

त्यांच्या मागोमाग आलेले मॅनेजर म्हणाले, दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि ज्याचा हात फाटलाय तो नक्कीच नाही.

दोघं एकमेकांवर ओरडू लागले, एक मराठीत आणि एक मोडक्या हिंदीत. अर्धा तास गेला. शेवटी वैतागून मी माझी चाकांची खुर्ची मल्लेशच्या हातात दिली आणि म्हणालो, ही तुझी हायड्रा. रावसाहेबांना भिंतीशी उभं केलं. सकाळी झालं तेच करा, बोलायचं तेही तेच.

मल्लेश खुर्ची ढकलत निघाला. रावसाहेबांनी चांगला हात दोर धरल्यासारखा पुढे धरला आणि ते ओरडले, “ऱ्हा! ऱ्हा! ऱ्हा!”

मल्लेश खुर्ची ढकलत राहिला. ती रावसाहेबांच्या गुडघ्यावर आदळली तेव्हा थांबला.

“बघा,” रावसाहेब म्हणाले, “फिरून तेच.”

“रा बोला ना सर,” मल्लेश म्हणाला. “रा मतलब आ. तीन बार बोला, मतलब जल्दी आ.”

रावसाहेबांच्या गावाकडे ‘राहा’चं ‘ऱ्हा’ होतं. ऱ्हा म्हणजे आहे तिथंच थांब. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. मधल्या ‘ह’चा फरक इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही.

मॅनेजर खूश झाले. कुणाची चूक नाही, खर्च नाही. भाषेची अडचण असं लिहा, म्हणाले. आणि मराठी येणारा ऑपरेटर मागवा.

म्हणजे मल्लेश गेलाच. मी हायड्राच्या कंत्राटदाराला फोन केला. तो हसला. मराठी येणारा हायड्रावर बसत नाही, तो स्वतःचा टेम्पो घेतो, म्हणाला. दुसरा ऑपरेटर देतो, पण तो ओडिशाचा आहे.

मग एचआरनं उपाय काढला. सगळ्यांनी हिंदीत ‘रुको’ म्हणायचं. खांबाखांबावर मोठ्या अक्षरांत कागद लागले. रिकाम्या हायड्रासमोर चाचणी घेतली. पहिल्या वेळी रावसाहेब ‘रुको’ म्हणाले. दुसऱ्या वेळी ती जरा जवळ आली आणि ते ‘ऱ्हा’ म्हणाले. घाईत तोंडातून घरचीच भाषा निघते, त्याला कागद काय करणार. मल्लेशनं तेलुगूतलं ‘आगु’, म्हणजे थांब, शिकवून पाहिलं. शेडला ते ‘अगं’ ऐकू आलं. त्यानंतर दिवसभर जो तो हायड्राला अगं-अगं करत होता आणि एचआरच्या बाई मला विचारत होत्या की हे कुणी सुरू केलं.

हे सगळं चाललं असताना एक साधा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. क्रेनला तोंडानं सांगायचंच कशाला? हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. त्या मी दर महिन्याला शिकवतो, आणि त्या कुठल्याच भाषेत नाहीत. पण रावसाहेबांचे दोन्ही हात दोरावर होते. दोर धरणारा एक आणि खुणा करणारा दुसरा, अशी दोन माणसं लागतात. आमच्याकडे एकच होता.

गिअरबॉक्स पुन्हा उचलायच्या परमिटवर सही करायला मी नकार दिला. दुसरा माणूस द्या, मल्लेशला राहू द्या, मग सही.

“एका शब्दासाठी मी माणूस वाढवू?” मॅनेजरनी विचारलं.

“शब्दासाठी नाही साहेब, हातांसाठी.”

अपघातानंतर यार्डात परत नेऊन ठेवलेला गिअरबॉक्स तसाच पडून राहिला. मशीन बसवायला आलेले इंजिनिअर हॉटेलात बसून होते. दोन दिवसांनी माणूस मिळाला. सही झाली. नवा माणूस हिरवं जाकीट घालून पुढे उभा राहिला, मल्लेशनं फक्त त्याच्या हातांकडे पाहिलं आणि गिअरबॉक्स जागेवर बसला.

मल्लेश अजून आमच्याकडे आहे. रिपोर्टमध्ये कारण ‘भाषेची अडचण’ असंच गेलं. मी ‘अपुरे मनुष्यबळ’ लिहिलेलं वर कुणीतरी बदललं. आमच्या शेडपुरता नियम एकच उरला: ज्याच्या हातात दोर, त्यानं तोंड उघडायचं नाही. रावसाहेबांना तो अजून जमलेला नाही.