दोरीचं इंजिन

डिझेल इंजिनचं हँडल ज्यांनी कधी फिरवलेलं नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये. एका हातानं लिव्हर धरायचा, दुसऱ्या हातानं हँडल गरागरा फिरवायचं, चाकानं वेग धरला की लिव्हर सोडायचा आणि त्याच क्षणी हँडल बाहेर काढायचं. जरा चुकलं तर ते उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. थंडीत तर माणूस घामाघूम झाल्याशिवाय इंजिन दाद देत नाही. आमचे हे, म्हणजे माझे मालक, इतकी वर्षं हे काम सकाळच्या चहाआधी करायचे. वर मलाच चिडवायचे, की तुला उठवायला गजर नको म्हणून करतो.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं आमची जळणाची वखार आहे. मंद्रूपकडून ट्रॅक्टरनं बाभळीचे, कडुलिंबाचे ओंडके येतात. ते फोडून आम्ही कडक भाकरी करणाऱ्या बायांना, बेकरीवाल्यांना आणि लग्नाच्या आचाऱ्यांना देतो. भाकरीवालीला बारीक फाटी लागते, जाड लाकडाचा जाळ एकाच जागी धरतो आणि भाकरी करपते. म्हणून फोडायचं मशीन आहे. भोवऱ्यासारखं लोखंडी टोक, त्याला स्क्रूसारखे आटे. इंजिनच्या पट्ट्यावर ते फिरतं, ओंडका टेकवला की आत शिरत जातं आणि ओंडका उभा फाटतो. आम्ही त्याला गिरमिट म्हणतो.

दिवाळीनंतर ह्यांना हार्टचा झटका आला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि जड काम बंद म्हणून बजावलं. मी मुद्दाम हँडलचं विचारलं. ते कसं फिरवतात हे हातवारे करून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, त्याचं नावसुद्धा काढू नका. हे पलंगावर बसून सगळं ऐकत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

आम्ही घरी आलो आणि थोड्याच दिवसांत जुन्या इंजिनचा क्रँक तुटला. मिस्त्रीनं हात टेकले. खरं सांगते, मला मनातून आनंद झाला. तो आनंद एक रात्र टिकला. सकाळी भाकरीवाल्या बाया फाटी मागायला आल्या आणि मी आतून बाहेर येते तर हे कुऱ्हाड उचलून ओंडक्यासमोर उभे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंद्रूपचा ट्रॅक्टरवाला माल उतरवून निघाला होता, त्याच्या ट्रॉलीत मी ती कुऱ्हाड टाकली आणि घेऊन जा म्हणाले. तो बिचारा ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हटलं, त्यांच्याकडं बघू नकोस, गाडी चालू कर.

तेव्हापासून हे माझ्याशी धड बोलेनात. पण मी ठरवलं होतं. नवं इंजिन येणार, आणि ते हँडलचं नसणार.

लाइटची मोटर बसवावी तर आमच्या जागेला थ्री फेज मिळत नव्हतं. बटणावर चालू होणारं घ्यावं तर उघड्या वखारीत त्याची बॅटरी चोरांनी एक रात्र ठेवली नसती. गडी ठेवा असं सगळे सांगायचे. गडी होताही, पण तो त्याला वाटेल तेव्हा यायचा, आणि तो आला नाही की हे हँडलला हात घालणार, हे मला लख्ख दिसत होतं. माणूस समोर धडधाकट दिसतो, जेवतो, चिडतो, म्हणून धोका संपला असं होत नाही. मला भीती वाटत होती.

इंजिन-पंपांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, हे, माझे दीर आणि मी. दुकानदारानं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि मला वहिनी, पंख्याखाली बसा म्हणून लांब बसवलं. मग दुकानदाराचं सुरू झालं. डिझेलच घ्या, जन्माचं काम होतं, ओढ दांडगी, बाभळीला तेच पाहिजे. दीर मान डोलवत होते. ह्यांनी तर एका हँडलच्या इंजिनवर हात ठेवला होता, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मला वाटलं, आता गप्प बसले तर घरी जाऊन रडत बसावं लागेल.

मी उठून तिथं गेले आणि म्हणाले, "इंजिन चालू कोण करणार, ते आधी ठरवा."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. दीर म्हणाले, दादा हाय की, मी हाय. मी विचारलं, तुम्ही करमाळ्याहून, एवढ्या लांबून, रोज सकाळी येणार का. ते चहाच्या कपात बघायला लागले. मग मी दुकानदाराला म्हणाले, चालू मी करणार, तेव्हा मला ओढता येईल असं दाखवा. दोरीचं.

दुकानदार हसला. दोरीचं पेट्रोलचं इंजिन म्हणजे फवारणीचं, लग्नातल्या लाइटचं, लाकडाला ते कसलं पुरतंय. हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "खेळणं हाय ते." मी मात्र तयारी करून गेले होते. जुन्या इंजिनची ताकद किती, गिरमिटाचं चाक किती मोठं, त्याला किती वेग लागतो, सगळं मिस्त्रीकडून वदवून घेतलं होतं. पेट्रोलचं इंजिन जोरात पळतं आणि गिरमिट सावकाश फिरलं पाहिजे, म्हणून आत गिअर असलेलं, निम्म्या वेगाचं आहे का, हे मी विचारलं. दुकानदाराचं हसू गेलं. होतं. मागच्या बाजूला धूळ खात पडलं होतं. मी पदर खोचला आणि भर दुकानात दोरी ओढली. पहिल्यांदा नुसतं खोकलं. परत ओढली. चालू झालं, आणि त्या आवाजात दीर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, बरंच झालं.

टर्नरकडून शाफ्टच्या मापाचं चाक करून घेतलं, जुनाच पट्टा चढवला. भाकरीवाल्या बाया, शेजारच्या टॉवेल कारखान्यातला फिटर, दीर, सगळे पूजेला जमले. नारळ फोडायच्या आधी नुसतं बघावं म्हणून मी इंजिन सुरू केलं आणि गड्यानं ओंडका टेकवला. गिरमिट आत शिरेचना. ओंडका उलट बाहेर ढकलायला लागलं. गडी घाबरून मागं सरला आणि मी इंजिन बंद केलं. ताकद, वेग, माप, सगळं विचारलं होतं, पण इंजिन कुठल्या बाजूनं फिरतं हे कुणीच विचारलं नव्हतं. आतल्या गिअरमुळं ते जुन्याच्या उलट फिरत होतं. दीर हळूच म्हणाले, मी म्हणत होतो. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं.

हे आतापर्यंत लांब बाजेवर बसून होते. ते उठले, सावकाश आले, पट्टा चाकावरून उतरवला, त्याला एक पीळ दिला आणि आठाच्या आकड्यासारखा परत चढवला. झालं. आता गिरमिट सरळ फिरणार होतं. सगळे हसले, हे पण हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मग नारळ फोडला. आमच्यात नारळ फुटल्यावर नवं मशीन पहिल्यांदा घरच्या पुरुषानं चालू करायचं असतं, इंजिन असो, ट्रॅक्टर असो. बाया म्हणाल्या, मालकाचा मान. ह्यांनी दोरीची मूठ धरली, पाय रोवला. हलकीच तर होती, मीच ओढून दाखवली होती. पण माणूस जोशात होता आणि समोर सगळी माणसं होती. हात झटक्यानं मागं जाणार हे मला दिसलं.

मी जाऊन त्यांच्या मुठीवर हात ठेवला. "सोडा."

ह्यांनी मूठ सोडली नाही. माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता चारचौघांत ओरडतील. पण आवाज अगदी बारीक निघाला.

"मग मी काय करायचं, सांग की."

इतक्या दिवसांचं ते तोंड फिरवणं कशासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं. पण हात मी काढला नाही.

"जगा की," मी म्हणाले. त्यांची बोटं सैल झाली, आणि मी दोरी ओढली.