जहाजाच्या वाट्याची घट

सोमवारी सकाळी आई गेली. ताप शुक्रवारी आला होता. मी तिला दवाखान्यात रविवारी नेलं.

भेटायला आलेले सगळे म्हणाले, वय झालं होतं. शेजारचे काका तेवढे तसं म्हणाले नाहीत. ते पंचवीसेक वर्षं तेलवाहू जहाजांवर टाक्यांतलं तेल मोजायचं काम करत होते. आता इथं औंढ्यात राहतात आणि घरच्या पाण्याच्या टाकीतही रोज काठी बुडवून ओली खूण पाहतात.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मीच त्यांना विचारलं, "काका, माझी चूक झाली का?"

"सर, समुद्रातून तेल नेताना थोडं कमी भरतंच. काही उडून जातं, काही टाकीला चिकटून राहतं. त्याचा जाब जहाजाला कोणी विचारत न्हाई. त्याच्यापेक्षा जास्ती घट आली, की मात्र जहाजानंच सांगावं लागतं, कुठं गेलं ते." मग म्हणाले, "शुक्रवारी काहून नेलं न्हाई?"

"साधा ताप वाटला."

"बराबर. आन् शनिवारी?"

शनिवारी आईला धाप लागत होती आणि मला शाळेच्या उत्तरपत्रिका तपासून संपवायच्या होत्या. मी तसं सांगितलं.

"वय, ताप, हे तुमच्यावर न्हाई," काका म्हणाले. "शनिवार तुमचा."

एवढं बोलून ते उठून गेले नाहीत, माझ्याजवळच बसून राहिले.

आता भेटायला कोणी येत नाही. काका येतात. शनिवार माझ्याकडे आहे.