कोयीचं पीठ

मार्गदर्शक बाईंनी माझ्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि लगेच रुमालात काढला. "हे माणसांचं अन्न नाही. विषय बदल."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते. रानआंब्याच्या कोयीतल्या गराचं पीठ आणि त्याचं पोषणमूल्य, हा माझा प्रकल्प. मी कशीबशी पंधरा दिवसांची मुदत मागितली. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाक्य आधी मनात जुळवावं लागे. तोवर समोरचा निघून जाई. या वेळी बाई थांबल्या.

जिथून कोया आणल्या होत्या, त्या जंगलातल्या गावी वडशाहून एसटीने पुन्हा गेले. त्या मला तिथल्याच एका बाईने दिल्या होत्या. पीठ कडू झालं म्हटल्यावर तिने विचारलं, "काऊन वो, नाल्यात ठेवला नाई का गर?"

नव्हता ठेवला. तिने तेव्हाच बजावलं होतं. पण वाहत्या पाण्यात सत्त्व निघून जाईल, असं मला वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

"सत्त्व नाई, कडूपणा जाते. एवढ्या वरसात कॉलेजात काय शिकून राह्यली तू?" ती शेजारणीकडे पाहून हसली. मीही हसले.

गराच्या फोडी टोपलीत भरून आम्ही नाल्यात दगडाखाली दाबल्या. काठावर तिने गवताची गाठ मारली. गाठ दिसली की त्या टोपलीला दुसरं कुणी हात लावत नाही. चार दिवसांनी फोडी काढल्या, वाळवल्या, जात्यावर दळल्या.

प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या शेजारी ठेवल्या. कडू-तुरटपणा दाखवणारं द्रावण टाकताच जुन्या पिठाची नळी शाईसारखी काळी झाली. नवीन पिठाची जेमतेम करडी. स्निग्धांश तर तांदळाच्या पिठापेक्षा कितीतरी जास्त निघाला. मी मोजमाप तीनदा केलं.

मग भाकर. बाईंनी तुकडा मोडला. माझं लक्ष त्यांच्या रुमालाकडे. तो पर्समध्येच राहिला. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा.

"ही कृती कुठल्या पुस्तकातली?"

"पुस्तकातली नाही," मी म्हणाले. वाक्य जुळवावं लागलं नाही. "माझ्या शिक्षिकेची आहे. त्या नाल्याकाठी शिकवतात."

बाईंनी भाकर संपवली आणि अहवालावर सही केली. त्याच्या पहिल्या पानावर, माझ्या नावाच्या वर, मी तिचं नाव लिहिलं होतं.